लिन कॉन्वे यांचें दप्तर

२०२४ सालच्या जून महिन्याच्या ९ तारखेस अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत लिन कॉन्वे या विदुषी वयाच्या ८६ व्या वर्षीं निवर्तल्या. आपल्याकडील वृत्तपत्रांतून ही वार्ता आली असलीच तर एखाद्या कोपऱ्यांत आली असेल. कारण त्या ना नटी, ना मुत्सद्दी, ना खेळाडू. संगणकाच्या अंतर्भागाची रचना करणें हा त्यांचा व्यवसाय होता. परंतु श्रोतेहो, जो दूरध्वनि आज आपल्या खिशांत फिरतो, ज्या यंत्रावर मुलें आपले निकाल पाहतात, बँकेच्या दारांतील ज्या यंत्रांतून आपण पैसे काढतां, त्या सर्वांच्या पोटांतील सिलिकॉनच्या चकत्या ज्या रीतीनें आखल्या जातात, ती रीत घडविण्यांत या बाईंचा वाटा फार मोठा आहे.

आणखी एक गोष्ट आरंभींच सांगून टाकणें बरें. कॉन्वेबाई जन्मल्या तेव्हां त्यांची नोंद मुलगा म्हणून झाली होती. आपण मुलगी आहों ही जाणीव त्यांना अगदीं बालपणापासून होती, आणि तिशीच्या सुमारास वैद्यकीय उपचार घेऊन त्या उघडपणें स्त्री म्हणून राहूं लागल्या. अशा व्यक्तींना मराठींत अलीकडे ‘पारलिंगी’ असा शब्द रूढ होत आहे. ही गोष्ट कुजबुजीचा विषय म्हणून मी सांगत नाहीं. या एका कारणानें त्यांची नोकरी गेली, मुलींचा सहवास गेला, जुन्या नांवाबरोबर त्या नांवावरचा एक महत्त्वाचा शोधहि गेला. आणि तो शोध पुढें तीस वर्षांनीं केवळ जपून ठेवलेल्या कागदांच्या बळावर परत मिळाला. इतिहासाच्या अभ्यासकाला यापेक्षां जवळचा विषय कोणता असणार?

त्यांचा जन्म १९३८ च्या जानेवारीच्या २ तारखेस न्यूयॉर्क संस्थानांतील माउंट व्हर्नन या गांवीं झाला. लहानपणीं खगोलाचा नाद होता; एका उन्हाळ्यांत त्यांनीं सहा इंची आरशाची दुर्बीण घरींच तयार केली होती. गणितांत व शास्त्रांत गति उत्तम. १९५५ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रविद्या संस्थेंत, म्हणजे ‘एम्. आय्. टी.’ मध्यें, त्यांचा प्रवेश झाला. परंतु मनांतील द्वंद्व वाढत गेलें. वैद्यांकडून साहाय्य मिळण्याचा मार्ग त्या काळीं जवळजवळ बंदच होता. तो प्रयत्न फसल्यावर त्यांनीं शिक्षण अर्धवट सोडलें. मधलीं कांहीं वर्षें विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचें व जुळणीचें काम करून त्यांनीं काढलीं. मग कोलंबिया विद्यापीठांत नांव घालून १९६३ पर्यंत त्यांनीं अभियांत्रिकीच्या दोन्ही पदव्या मिळविल्या, आणि १९६४ सालीं आय. बी. एम. या बलाढ्य कंपनीच्या संशोधनशाखेंत त्या रुजू झाल्या.

त्या कंपनीनें त्या सुमारास जगांतील सर्वांत वेगवान संगणक बांधण्याचा संकल्प सोडला होता. जॉन कॉक, फ्रान्सेस ॲलन यांच्यासारखीं पुढें कीर्तीस चढलेलीं माणसें त्या कामावर होतीं. कॉन्वे त्यांतल्या धाकट्या, वय सत्तावीस. त्यांनीं तेथें कोणता प्रश्न सोडविला तें सामान्य माणसाच्या भाषेंत सांगण्याचा यत्न करतों.

संगणकाला आपण सूचनांची एक यादी देतों, आणि तो त्या सूचना लिहिलेल्या क्रमानें एकेक करून पाळतो. अडचण अशी कीं, एखाद्या सूचनेला लागणारी संख्या स्मृतिकोशांतून यावयाची असेल तर ती येईपर्यंत मागील सर्व सूचना ताटकळत राहतात. आतां आपल्याकडील लग्नाची पंगत डोळ्यांपुढें आणा. वरणाचें पातेलें अजून चुलीवर आहे, म्हणून मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर घेऊन उभे असलेले वाढपी जर त्याच्यामागें अडून राहिले, तर पानें मांडून बसलेले पाहुणे नुसते एकमेकांकडे पाहत बसतील. जाणता माणूस ज्याचें काम अडलेलें नाहीं अशा प्रत्येकाला पुढें सोडतो, आणि एका वेळीं चौघांनाहि सोडतो. मात्र भातावर वरण आणि वरणावर तूप हा क्रम तो मोडूं देत नाहीं. म्हणजे कोणाचें काम कोणावर अवलंबून आहे याचा हिशेब त्याला क्षणोक्षणीं ठेवावा लागतो. पंगतींत हें डोळ्यांनीं साधतें. यंत्राला डोळे नाहींत. तेथें तो हिशेब विजेच्या मंडलांनींच, सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशांत, ठेवावयाचा. असा हिशेब ठेवणारी रचना कॉन्वे यांनीं १९६५ सालीं शोधून काढली, आणि पुढील वर्षाच्या फेब्रुवारींत सहकाऱ्यांसह तिचा अहवाल लिहिला. कंपनीनें तो संगणक शेवटीं बांधलाच नाहीं. १९६९ सालीं ती योजना गुंडाळली गेली. पण अनेक सूचना एकदम व क्रम सोडून पाळण्याची ती कल्पना १९९० नंतरच्या दशकांत घरोघरच्या संगणकांत येऊन बसली, आणि आज ती नसलेला चांगला संगणक सांपडणें कठीण.

योजना गुंडाळली जाण्यापूर्वींच कॉन्वे तेथून गेलेल्या होत्या. न्यूयॉर्कमध्यें हॅरी बेंजामिन नांवाचे एक वृद्ध वैद्य होते. अशा व्यक्तींची व्यथा हें वेड नसून तिला सहानुभूतीनें उपचार द्यावयास हवेत, असें प्रतिपादन करणारें त्यांचें पुस्तक १९६६ सालीं निघालें. कॉन्वे त्यांच्याकडे गेल्या. उपचारांची दिशा ठरल्यावर त्यांनीं आपल्या वरिष्ठांना सर्व कांहीं प्रामाणिकपणें सांगितलें. लगतच्या वरिष्ठांनीं गाजावाजा न करतां सांभाळून घेण्याची तयारी दाखविली होती. परंतु प्रकरण कंपनीच्या शिखरापर्यंत पोंचलें आणि १९६८ सालीं त्यांना काढून टाकण्यांत आलें. कामांत कसूर झाली असा आरोप कोणाचाहि नव्हता. तो काळच तसा होता. जन्मनोंदीला न शोभणारा पोषाख करणें हा अमेरिकेंतील कित्येक शहरांत तेव्हां चक्क गुन्हा होता! कॉन्वे यांचें पूर्वीं लग्न झालेलें होतें, दोन लहान मुली होत्या. घटस्फोटानंतर त्या मुलींना भेटण्याचीहि त्यांना बंदी झाली.

येथें आपल्या कृष्णाकांठाकडे वळून पाहिल्यावांचून मला राहवत नाहीं. सातारा व सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी सांगली जिल्ह्याचें १९४९ पासून १९६० पर्यंतचें नांव ‘दक्षिण सातारा’ असें होतें; नदी एक, बोली एक. या टापूंतील नागठाणें हें बालगंधर्वांचें मूळ गांव. पुरुषानें नेसलेल्या शालूवर अख्ख्या महाराष्ट्रानें जीव ओवाळून टाकला, स्त्रियांनीं त्यांच्या पदराची व अंबाड्याची नक्कल केली. याच टापूंत मिरज-जतकडे यल्लमाचा जग डोक्यावर घेऊन, लुगडें नेसून, चौंडक्याच्या तालावर गात येणारे जोगते आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. त्यांच्या परडींत जोगवा घालतांना घरच्या म्हाताऱ्या हात जोडीत. आणखी मागें गेलें तर मराठी राज्यांत हिजड्यांच्या गुरुपरंपरांना इनामें व गांवोगांव भिक्षेचे वंशपरंपरा हक्क सनदांनीं दिलेले आढळतात. ते हक्क चालविण्यास एकोणिसाव्या शतकांत मुंबई सरकारनें नकार दिला, आणि हळूहळू ते मोडीत निघाले.

यावरून आपण अमेरिकेपेक्षां उदार होतों असा अभिमान बाळगणारे लोक मला भेटतात. मला तो अभिमान पुरता पटत नाहीं. नटाची गोष्ट तर निराळीच; पडदा पडला कीं तो आपला पुरुष म्हणून घरीं जाई, त्याचा येथें संबंध नाहीं. जोगत्याला देवापुढें जागा होती, हिजड्याला दारापुढें जागा होती. परंतु कारकुनाच्या खुर्चीवर, शिक्षकाच्या टेबलामागें, कारखान्याच्या रेखाटनगृहांत त्यांना जागा नव्हती, आणि ती असावी असें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं. तिकडे शिकूं दिलें आणि मग हांकलून दिलें. इकडे शिकूंच दिलें नाहीं. दोहोंत फारसें डावें-उजवें नाहीं.

उपचार पुरे झाल्यावर कॉन्वे यांनीं नवें नांव घेतलें. नांव बदलणें ही गोष्ट आपल्या घरांतून नवी नाहीं. लग्नांत ताटांत तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीनें सुनेचें नवें नांव लिहितात, आणि माहेरच्या नांवानें लिहिलेली एखादी कविता वा मिळविलेलें पारितोषिक पुढें कोणाच्या ध्यानांतहि राहत नाहीं. पण सुनेचें जुनें नांव विसरलें जातें, इतकेंच. कॉन्वेबाईंना आपलें जुनें नांव स्वतःच्या हातांनीं पुरावें लागलें. तें उच्चारलें तर नवी नोकरी जाण्याचें भय, आणि उच्चारलें नाहीं तर ‘चार वर्षें तुम्ही काय करीत होतां?’ या प्रश्नाला उत्तर नाहीं. जगांतील एका अत्यंत प्रगत संगणकावर काम केलेल्या या अभियंत्रीनें आपली चाकरी पुनः सुरू केली ती कंत्राटी आज्ञावलीलेखक म्हणून, अगदीं खालच्या पायरीपासून. तेथून मेमोरेक्स कंपनींत, आणि १९७३ सालीं झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत.

दुसऱ्या खेपेचें हें कार्य पहिल्याहून मोठें ठरलें. त्या दशकांत एका नखाएवढ्या चकतीवर बसणाऱ्या विजेच्या कळांची संख्या दर दोनएक वर्षांनीं दुप्पट होत होती. पण चकती कशी आखावी हें ज्ञान मात्र ती बनविणाऱ्या थोड्या कारखान्यांच्या भिंतींआड होतें. प्रत्येक कारखान्याचे नियम निराळे, ते जाडजूड वह्यांतून लिहिलेले, आणि बनविण्याची क्रिया सुधारली कीं सगळे बदलावयाचे. कॅलिफोर्नियांतील कॅलटेकचे प्राध्यापक कार्व्हर मीड यांच्या सहकार्यानें कॉन्वे यांनीं हें जंजाळ तोडलें. त्यांनीं चकतीवरील सर्व मापें एका मूळ मापाच्या पटींत सांगितलीं, आणि त्याला ‘लॅम्डा’ हें ग्रीक अक्षर दिलें. तार अमुक लॅम्डा रुंद, दोन तारांमधील अंतर अमुक लॅम्डा. मूळ माप आज जें असेल तें असो, उद्यां तें निम्मे झालें तरी आराखडा तोच राहतो. आपल्या मूर्तिकारांना हें नवें वाटूं नये. शिल्पशास्त्रांत मूर्तीचीं मापें तालांत सांगितलेलीं असतात. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, आणि नवताल मूर्ति वीतभर असो वा पुरुषभर, तिचें प्रमाण ढळत नाहीं. कॉन्वे यांनीं शिल्पशास्त्र पाहिलें होतें असें मला सुचवावयाचें नाहीं. बुद्धिमान माणसें दोन टोकांच्या देशांत एकाच युक्तीपाशीं येतात, इतकेंच.

या युक्तीचा परिणाम मोठा झाला. आखणारा निराळा आणि बनविणारा निराळा, असें कामाचें विभाजन शक्य झालें. मीड व कॉन्वे यांचें पाठ्यपुस्तक १९८० सालचें. १९८३ पर्यंत सुमारे १२० विद्यापीठांत तें शिकविलें जाऊं लागलें.

पण पुस्तकापेक्षांहि मला मौज वाटते ती त्याच्या आधीं केलेल्या प्रयोगाची. १९७८ च्या शरदृतूंत कॉन्वेबाई पाहुण्या प्राध्यापिका म्हणून एम्. आय्. टी. मध्यें शिकवावयास गेल्या. वीस वर्षांपूर्वीं ज्या संस्थेंतून निराश होऊन त्या बाहेर पडल्या होत्या, तीच ही संस्था. ही गोष्ट त्या वर्गांतील एकाहि विद्यार्थ्याला ठाऊक नव्हती. अर्ध्या सत्रांत त्यांनीं विषय शिकविला आणि उरलेल्या अर्ध्यांत प्रत्येकाकडून चकतीचा आराखडा करून घेतला. नुसता आराखडा काढून गुण घेण्यांत काय अर्थ? ती चकती बनून हातीं आली पाहिजे. पण एक चकती बनवून घेण्याचा खर्च कोणत्या विद्यार्थ्याला झेपणार! तेव्हां त्यांनीं सर्वांचे आराखडे एकत्र केले. आपल्या दिवाळी अंकाचेंच उदाहरण घ्या. एकेका लेखकानें आपल्या चार पानांसाठीं निराळा छापखाना चालवायचा म्हटलें तर त्याचें घरदार विकलें जाईल. पण पन्नास जणांचे लेख एका अंकांत, एकाच कागदावर, एकाच वेळीं छापले तर खर्च वांटला जातो. तसेंच येथें झालें. आराखडे संगणकांच्या त्या काळच्या जाळ्यावरून, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या पूर्वजावरून, अमेरिकेच्या एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्यास गेले; ह्यूलेट-पॅकार्डच्या कारखान्यांत चकत्या बनल्या; आणि १९७९ च्या जानेवारींत मुलांच्या हातीं त्यांच्या स्वतःच्या चकत्या पडल्या. पुढल्याच शरदांत हाच प्रयोग सुमारे डझनभर विद्यापीठें मिळून झाला. शंभरावर आखणारे, आणि महिनाभरांत चकत्या तयार! स्टॅनफर्डच्या जेम्स क्लार्क यांनीं पडद्यावरील चित्रें झपाट्यानें फिरविणारी आपली चकती याच मार्गानें पारखून घेतली, आणि पुढें तिच्यावर एक मोठा उद्योग उभारला.

आज बंगळुरास व पुण्यास चकत्यांची आखणी करणारे हजारों अभियंते आहेत, आणि त्यांच्या बहुतेक चकत्या समुद्रापलीकडील कारखान्यांत बनतात. आखणी येथें, भट्टी तेथें. हें ज्या विभाजनामुळें जमतें तें याच प्रयोगांतून रुजलें. १९४७ सालीं सांगलीस निघालेलें आणि पुढें वालचंद या नांवानें प्रसिद्ध झालेलें अभियांत्रिकी महाविद्यालय घ्या, कीं साताऱ्याकडील एखादें नवें घ्या; इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलामुलींना लॅम्डाचे नियम आज ना उद्यां भेटतातच. नियमांबरोबर ‘मीड आणि कॉन्वे’ हीं नांवेंहि भेटतात. या ‘आणि’च्या पुढचें नांव वाचतांना तें एका बाईचें असेल अशी कल्पना किती जणांच्या मनांत येत असेल, कोण जाणे.

पुढील वर्षें मानाचीं गेलीं. त्यांचा विस्तार नको. १९८३ सालीं अमेरिकन संरक्षणखात्याच्या संशोधनसंस्थेंत नेमणूक, १९८५ पासून मिशिगन विद्यापीठांत प्राध्यापकी, १९८९ सालीं राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचें सभासदत्व. संरक्षणखात्याच्या नेमणुकीसाठीं पूर्वचरित्राची कसून चौकशी होते. ती पार पडली. पुढें चार्ल्स रॉजर्स नांवाच्या अभियंत्याची भेट झाली, दोघांना होडी वल्हवीत नद्या पालथ्या घालण्याचा एकच छंद, आणि २००२ सालीं दोघांनीं विवाह केला. पण ज्या १९६५ सालच्या शोधानें आतां घरोघरचे संगणक चालूं लागले होते, तो आपला आहे असें म्हणण्याची सोय त्यांना अद्यापि नव्हती.

१९९८ सालीं दक्षिण कॅरोलिनांतील क्लेमसन विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क स्मदरमन हे आय. बी. एम.च्या त्या फसलेल्या संगणकाचा इतिहास धुंडाळीत होते. कंपनीजवळ कागद फारसे उरलेले नव्हते. हा शोध चालू असल्याचें कॉन्वेबाईंना समजलें. त्या साठीच्या होत्या, आणि आपण त्या कामांत होतों हें सांगितलें कीं आपण पूर्वीं कोण होतों हेंहि सांगावें लागणार हें त्यांना उमजत होतें. विचारान्तीं त्यांनीं स्मदरमन यांना लिहिलें. आणि लिहिलें तें रित्या हातांनीं नव्हे. नोकरी गेली, नांव गेलें, घर मोडलें, तरी त्या कामाचे अहवाल व टिपणें त्यांनीं तीस वर्षें प्रत्येक बिऱ्हाडाबरोबर वाहून नेलीं होतीं.

साताऱ्याचे पारसनीस आणि मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांच्या प्रांतांत राहणाऱ्यांना या प्रसंगाचें मोल निराळें सांगावयास नको. खरेशास्त्र्यांनीं शाळेंतील मास्तरकी सांभाळून पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रें एकेक करून उजेडांत आणलीं, म्हणून पेशवाईच्या उत्तरार्धांतील कित्येक लढाया व मसलती आज आपल्याला ठाऊक आहेत. भेद एवढाच कीं, तेथें दप्तर सरदारांचें होतें आणि तें जपण्यांत घराण्याची प्रतिष्ठा होती. येथें तें जपणाऱ्या व्यक्तीला त्या दप्तरापासूनच धोका होता. एक कागद चुकीच्या हातीं पडता तर दुसरें आयुष्यहि पहिल्याप्रमाणेंच कोसळलें असतें. मग ते जाळून कां टाकले नाहींत? माझ्या समजुतीप्रमाणें, आपण केलेलें काम खरें होतें याची स्वतःजवळ तरी साक्ष असावी, एवढीच त्यामागें इच्छा असावी.

जुने सहकारी एकत्र आले, कागद जुळविले गेले, आणि २००० सालाच्या आसपास कॉन्वेबाईंनीं आपली सगळी कथा स्वतःच जगापुढें मांडली. नंतर त्यांच्याकडे पारलिंगी तरुण-तरुणींचीं व त्यांच्या आईबापांचीं पत्रें देशोदेशींहून येऊं लागलीं. मीड यांच्या वांट्याला गौरव आणि कॉन्वे यांच्या वांट्याला साहाय्यक म्हणून उल्लेख, असें जें वर्षानुवर्षें घडत गेलें त्यावर त्यांनीं २०१८ सालीं एक निबंध लिहिला. ज्यांच्याकडून नवें कांहीं निघेल अशी अपेक्षाच नसते, स्त्रिया काय किंवा कृष्णवर्णी काय, त्यांचें काम नजरेसमोर असूनहि लोकांना दिसत नाहीं, असें त्यांचें म्हणणें आहे. हें म्हणणें त्यांनीं तक्रारीच्या सुरांत न मांडतां यंत्रांतील दोष दाखविणाऱ्या अभियंत्याच्या सुरांत मांडलें आहे.

२०२० च्या ऑक्टोबरांत आय. बी. एम. कंपनीनें आपल्या कर्मचाऱ्यांच्या समक्ष, दूरचित्राच्या सभेंत, कॉन्वेबाईंची जाहीर क्षमा मागितली व त्यांना आजीवन कार्याचें पारितोषिक दिलें. काढून टाकल्याला तेव्हां ५२ वर्षें झालीं होतीं, आणि काढणाऱ्यांपैकीं प्रमुख हयात नव्हते. क्षमेला उशीर झाला खरा, तरी मागितली हें बरें केलें.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालच्या एप्रिलांत तृतीयपंथी व्यक्तींना आपली ओळख आपण ठरविण्याचा हक्क मान्य केला, आणि २०१९ सालीं त्याविषयीं कायदा झाला. त्यानंतरची एक लहानशी हकीकत साताऱ्याची आहे. २०२२ सालीं सातारा जिल्ह्यांतील एका पारलिंगी उमेदवारास पोलीस शिपायाच्या जागेसाठीं अर्ज करावयाचा होता. अर्ज संगणकावर भरावयाचा. आणि त्यांत रकाने दोनच, पुरुष आणि स्त्री. त्यापुढें यंत्र जाऊं देईना. प्रकरण प्रशासकीय न्यायाधिकरणापुढें व तेथून मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें गेलें, आणि डिसेंबरांत सरकारनें त्या अर्जांत तिसरा रकाना घालण्याचें मान्य केलें. यंत्राची अडचण अशी कधींच नव्हती. रकाना घालावयास अभियंत्याला थोडा वेळ पुरतो.

२०२३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-गौरवमालिकेंत कॉन्वेबाईंचा समावेश झाला, आणि पुढील वर्षीं त्या गेल्या. आपलें दप्तर त्यांनीं कुलपांत ठेवलें नव्हतें; जुने अहवाल, नकाशे, शिकवितांना केलेलीं टिपणें हें सारें त्यांनीं हयातींतच इंटरनेटवर खुलें केलें होतें. सूचनांचा क्रम बदलण्याच्या युक्तीवरील १९६६ च्या फेब्रुवारींतील तो अहवालहि त्यांत आहे, आणि ज्याला त्या शास्त्रांत गति आहे त्याला तो घरबसल्या वाचतां येतो.